सातव्या मचाणाची रेघ

सभागृहातल्या दोन्ही स्पीकरमधून बनाबाईचा आवाज एकदम आला, तेव्हा क्रांती चौथ्या रांगेत बसून कार्यक्रमपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर पेनानं चौकोन काढत होती. हुर्रऽऽ हा हाऽऽ. दरीतून वर चढत जाणारी आणि शेवटाला घशात फाटणारी ती आरोळी. पेनाचं टोक कागदातून आरपार जाऊन मांडीला टोचलं. मंचावर सौमित्रनं हातातलं बटण दाबून आवाज थांबवला आणि तो हसून म्हणाला, "हा आपला घटक क्रमांक सात." सभागृहही हसलं. पुण्याहून आलेले अध्यक्षसुद्धा हसले. बनाबाईला जाऊन चौदा महिने झाले होते. तिचा आवाज आता जगात फक्त क्रांतीकडे आहे, कपाटातल्या डबीत ठेवलेल्या मेमरी कार्डात आहे, असंच क्रांती धरून चालली होती. सौमित्रला सात वर्षांपूर्वी आपणच सगळ्या फायली दिल्या होत्या हे तिच्या लक्षात होतं, पण बनाबाई मेल्यावर तिचा आवाज त्याच्याकडेही उरला असेल असा विचार तिला कधी शिवला नव्हता. घटक क्रमांक सात. क्रांतीनं पायाशी ठेवलेली पिशवी चपलेनं जवळ ओढली. वही आत होती. आज ती वही घेऊनच घरातून निघाली होती.

बनाबाई तिची चुलती. शाहूवाडीच्या डोंगरातली त्यांची वाडी बावीस घरांची, आणि भाताच्या खाचरांना गव्यांचा जाच. पीक पोटरीला आलं की कळप जंगलातून उतरायचा. मग खाचरांच्या कडेनं बारा मचाणं उभी राहायची, आणि सुगी होईतो बारा माणसं रोज राखणीला जायची. लहानपणी क्रांती चुलतीबरोबर त्या सातव्या मचाणावर घोंगड्यात झोपलेली. आरोळ्यांत झोप लागायची, आणि आरोळ्या थांबल्या की जाग यायची. पुढं शिकून, समाजशास्त्राची डॉक्टरेट घेऊन, कोल्हापुरात सह्यगिरी महाविद्यालयात नोकरीला लागून, मंगळवार पेठेत दोन खोल्या घेऊन राहिल्यावर एक दिवस तिला त्या झोपेचं नवल वाटलं. बारा माणसं, म्होरक्या कुणी नाही, पाळीपत्रक नाही, तरी गव्यांना आत शिरायला फट सापडत नाही. कसं? तिनं बनाबाईला विचारलं. बनाबाई म्हणाली, "त्यात काय हाय गं. सावा वराडला की मी वराडतो. मी वराडलो की आठवा वराडतो. कोन गप ऱ्हायला तर त्येच्या वाटचं मी एक जादा वराडतो. झालं की." क्रांतीनं बारा मचाणांना बारा छोटे रेकॉर्डर बांधले. रोज सकाळी ऐकून वहीत आकडे लिहिले. बारा ओळी, सदुसष्ट रकाने. मध्येच नऊ दिवस तिला परीक्षेच्या कामासाठी कोल्हापूरला यावं लागलं, आणि त्या नऊ दिवसांत बाकीची अकरा यंत्रं चालू राहिली, सातव्याचे सेल मात्र पहिल्याच संध्याकाळी संपले. परत गेल्यावर चुलती म्हणाली, "तुजं यंत्र मुकं झालंय बग. मी न्हवं हां." क्रांतीनं त्या ओळीत नऊ आडव्या रेघा मारल्या. समासात बारीक अक्षरात लिहिलं: सेल संपले, ब. रोज होती.

हे सगळं तिनं सौमित्रला का दिलं, याचं उत्तर तिनं स्वतःला कितीदा तरी देऊन पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते बदलायचं. तिच्याच महाविद्यालयात भौतिकशास्त्राचा होता तो. गावातल्या नावाजलेल्या शिक्षकांच्या घरातला, बोलायला गोड, आणि खरोखर हुशार. महाविद्यालयाच्या कॅन्टीनमध्ये त्यानं तिची वही उघडली आणि समोरची भजी थंड होईतो मान वर केली नाही. मग म्हणाला, "क्रांती, तुला कळतंय का हे काय आहे? पक्ष्यांचा थवा वळतो ना, मुंग्यांची रांग लागते ना, तेच हे. ही जटिल व्यवस्था आहे. नियम दोनच, आणि त्यातून एवढं सगळं." तिच्या वाडीबद्दल इतक्या आनंदानं कुणी बोललेलं तिनं ऐकलं नव्हतं. ती त्याला वाडीवर घेऊन गेली. बनाबाईनं त्याला भाकरी आणि खरड्याशेजारी मुद्दाम दही वाढलं, कारण पावण्याला तिखट सोसत नाही. परतीच्या वाटेवर त्यांचा वाद झाला, आणि तोही तिला आवडला होता. ती म्हणाली होती की जटिल आहे म्हणजेच त्यातलं एक माणूसही उचलून बाजूला ठेवता येत नाही, सहाव्या मचाणावरचा सावळा आणि पाचव्यावरचा त्याचा भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत हेसुद्धा त्या आरोळ्यांत आहे. तो म्हणाला होता, "नाही गं. उलट आहे. माणसं काढून टाकल्यावर जे उरतं ते जटिलतेचं शास्त्र. ते माणसांचं राहत नाही, म्हणून तर ते मुंग्यांनाही लागू पडतं." दोघंही हसले होते. दोघं मिळून लिहायचं ठरलं. पावणेतीन वर्षांनी शोधनिबंध आला तो सौमित्र आणि बेंगळूरूचा कुणीतरी, अशा दोन नावांनी. शेवटी बारीक टाइपात तिचं नाव होतं: स्थानिक माहिती पुरवल्याबद्दल. तिनं विचारलं तेव्हा तो गोंधळला नाही, हे तिला जास्त लागलं. त्यानं समजावून सांगितलं. त्या नियतकालिकात गणित करणाऱ्यालाच लेखक मानतात, विद्याशाखेची पद्धत असते ती, तू तुझ्या समाजशास्त्रात वेगळा लिही ना, मी मदत करतो.

तो निबंध तिनं सूड म्हणूनच वाचायला घेतला. गणित कळत नव्हतं म्हणून नुसती आकृत्यांवरून बोटं फिरवत गेली, आणि चौथ्या आकृतीवर बोट थांबलं. तिथं निबंधाचा कळस होता. मधलं मचाण नऊ रात्री पूर्ण गप्प झालं, आणि तरी रांग तुटली नाही. शेजारच्यांनी आपोआप भार उचलला असणार. व्यवस्था स्वतःला सावरते, कोणताही एक घटक काढला तरी ती टिकते, असा निष्कर्ष होता, आणि त्या एका निष्कर्षासाठी जगभर त्या निबंधाचे दाखले दिले जात होते. क्रांतीनं वही काढली. नऊ रेघा. त्यानं, किंवा बेंगळूरूवाल्यानं, रेघेच्या जागी शून्य लिहिलं होतं. समास बघितलाच नव्हता. ज्या नऊ रात्री बनाबाई नव्हती म्हणून व्यवस्थेचं कौतुक चाललं होतं, त्या नऊ रात्री बनाबाई सातव्या मचाणावर उभी राहून घसा फोडत होती. क्रांती खुर्चीतून उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. खालच्या तालमीत पोरं शड्डू ठोकत होती. तिला फार बरं वाटत होतं. त्याच क्षणी फोन केला असता तर सौमित्र मान्य करून मोकळा झाला असता, दुरुस्ती छापून आली असती, कुणाला कळलंही नसतं. तिनं फोन केला नाही. पिकू दे, असं तिनं ठरवलं. चार वर्षं ती रोज सकाळी दात घासताना त्या नऊ शून्यांचा विचार करायची. त्यांच्यावर सौमित्रचं केंद्र उभं राहिलं, दिल्लीचं पारितोषिक आलं, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि दर वेळी तिनं त्याचं आवर्जून अभिनंदन केलं. तो जितका वर चढेल तितकं चांगलं, असं वाटायचं. बनाबाई आजारी पडली, गेली. जाण्याआधी एकदा म्हणालीसुद्धा, "त्यो तुजा दही खानारा पावना काय करतोय आता?" क्रांती म्हणाली, "मोठा झाला, काकी." "बरं झालं," बनाबाई म्हणाली.

फक्त एकदा हे सगळं फुटायच्या बेतात आलं होतं. दोन वर्षांपूर्वी वल्लरी घरी आली होती. कसबा बावड्याची मुलगी, सौमित्रकडे पीएच.डी. करणारी. वडील साखर कारखान्यात फिटर. गळीत हंगाम चालू असेल तर तिच्या ओढणीलाही मळीचा वास यायचा, आणि तिचं तिलाच त्याबद्दल अवघडल्यासारखं व्हायचं. तिनं वहीच्या पानाची झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि सातव्या ओळीवर पेन्सिल टेकवली. "मॅडम, एक विचारू काय? सरांना सांगू नका मी विचारलं म्हणून. बाकी जिथं आरोळी न्हाय तिथं तुम्ही शून्य लिवलंय. हितं रेघ हाय. ह्याचा अर्थ काय?" झेरॉक्समध्ये समास कापला गेला होता. क्रांतीनं त्या मुलीच्या पेन्सिलीकडं बघितलं. एवढ्या मोठ्या माणसांनी न पाहिलेलं या पोरीनं पाहिलं याचं तिला क्षणभर कौतुकही वाटलं. ती म्हणाली, "काही नाही." वल्लरी म्हणाली, "काही न्हाय म्हंजे शून्यच ना?" क्रांती म्हणाली, "हो." वल्लरीनं झेरॉक्सवर ते लिहून घेतलं, तारखेसकट. मग चहा पिऊन गेली. त्या संध्याकाळी क्रांतीला जेवण गेलं नाही, पण झोप लागली.

मंचावर आता चर्चा चालली होती. चर्चासत्राचं नावच होतं 'जटिलता: विद्याशाखांचा संवाद'. अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक म्हणाले की हा फुकट्यांचा प्रश्न आहे, दुसरा ओरडतोय म्हटल्यावर मी का जागू, आणि तरीही माणसं जागतात याचं उत्तर जटिलतेत आहे. वनस्पतिशास्त्राच्या बाई म्हणाल्या, तुम्ही सगळे माणसांचंच धरून बसलात, गवेही शिकतात, त्यांनाही व्यवस्थेत घ्या. मराठीच्या सरांनी जटिल हा शब्द जटांवरून आला असं सांगून दहा मिनिटं घेतली. प्रत्येकाला जे आधीपासून ठाऊक होतं तेच प्रत्येकजण या नव्या शब्दात घालून दाखवत होता. बनाबाईनं यातल्या एकेकाला दही वाढलं असतं, क्रांतीच्या मनात आलं. तिनं हात वर केला. माईक आला. सौमित्रच्या चेहऱ्यावर तिला पाहून खराखुरा आनंद दिसला, आणि तेही तिनं नीट पाहून घेतलं.

"डॉक्टरसाहेब, चौथी आकृती परत दाखवता?" ती म्हणाली. त्यानं दाखवली. "या नऊ रात्री घटक सात गप्प होता, असं आपलं म्हणणं."

"बरोबर. तुमच्याच वहीतलं आहे, मॅडम."

"माझ्या वहीत तिथं शून्य नाही. रेघ आहे. मी समास वाचून दाखवते." तिनं वही उघडली. "सेल संपले, ब. रोज होती. यंत्र बंद होतं, साहेब. बाई चालू होती. नऊच्या नऊ रात्री ती तिथं ओरडत होती. मी पुढच्याच आठवड्यात शेजारच्या दोन्ही मचाणांवर विचारून घेतलंय, तेही इथं आहे."

अध्यक्षांनी चष्मा काढला. सौमित्र मंचावरून उतरून तिच्या रांगेपर्यंत आला, वही हातात घेतली, वाचली. त्याचा गोरा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानांपासून लाल होत गेला. चार वर्षं तिनं ज्याची वाट पाहिली होती ते हेच, आणि ते अगदी मनासारखं होत होतं. मग त्यानं हळू आवाजात, जवळजवळ मायेनं विचारलं, "तुझ्या हे कधी लक्षात आलं?"

तिसऱ्या रांगेत वल्लरी मागं वळून बसली होती. तिचं तोंड थोडं उघडं होतं. क्रांतीची आणि तिची नजर एक झाली. "आत्ताच," क्रांती म्हणाली. "ही आकृती मोठ्या पडद्यावर पहिल्यांदाच पाहिली." वल्लरीनं तोंड मिटलं आणि ती समोर वळून बसली.

आणि मग क्रांतीच्या हिशेबात नसलेली गोष्ट घडली. सौमित्र माईकपाशी परत गेला आणि म्हणाला की माझी चूक आहे, समास मी पाहायला हवा होता, आजच नियतकालिकाला कळवतो, आणि क्रांतीमॅडमचा मी ऋणी आहे. टाळ्या सुरू झाल्या. अध्यक्ष उभे राहिले. शास्त्र म्हणजे हेच, असं म्हणाले. एवढा प्रांजळपणा आपण चाळीस वर्षांत पाहिला नाही, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला तो सौमित्रचा. मथळा होता 'चूक मान्य करणारा शास्त्रज्ञ'. महिन्याभरात त्याला तीन ठिकाणांहून व्याख्यानाची बोलावणी आली. त्यानं फोन करून सांगितलं की दुरुस्त निबंध आता दोघांच्या नावानं काढू, तुझं नाव पहिलं. तिनं फोन कानाला धरून भिंतीवरच्या पालीकडं बघत "बघू" म्हटलं. एका जागी धक्का दिला की दुसरीकडंच काहीतरी पडतं, असं त्या दिवशी मंचावर कुणीतरी सांगत होतं. कोण ते तिला आठवेना. पडलं ते वल्लरीचं. तिच्या प्रबंधाचे पाचातले तीन भाग त्या नऊ शून्यांवर उभे होते. मुदत जूनमध्ये संपत होती. समितीनं कळवलं की शंका वेळेत मांडल्याचा काही पुरावा असेल तर आठ महिने वाढवून देता येतील, नाहीतर नोंदणी रद्द. हे क्रांतीला कॅन्टीनमध्ये कळलं, वनस्पतिशास्त्राच्या बाईंकडून. "पोरगी काहीच बोलत नाही हो," त्या म्हणाल्या. "मान खाली घालून बसते नुसती."

क्रांती आठ दिवस चिडलेली राहिली. वल्लरीनं येऊन भांडायला हवं होतं. सगळ्यांसमोर उभं राहून सांगायला हवं होतं की या बाई खोटं बोलतायत. त्या मुलीनं गप्प राहून आपल्याला धरलंय, असं तिला वाटायचं. सकाळी दात घासताना आता नऊ शून्यं आठवत नव्हती, ती पेन्सिल आठवायची. बनाबाई असती तर काय म्हणाली असती हे ती मनात आणू देत नव्हती, कारण बनाबाई काहीच म्हणाली नसती, नुसती भाकरी थापत राहिली असती. रविवारी दुपारी तिनं समितीला एक पत्र लिहिलं, लॅपटॉप पिशवीत घातला आणि रिक्षा करून कसबा बावड्याला गेली.

वल्लरीचं घर कारखान्याच्या रस्त्याला होतं, पुढं ऊस आणि मागं नवीन इमारती. घरात ती एकटी होती. आईवडील लग्नाला गेले होते. तिनं या म्हटलं, खुर्ची दिली, पाणी आणलं नाही. क्रांतीनं लॅपटॉप उघडून तिच्यापुढं सरकवला. "पाठवायच्या आधी वाच."

वल्लरीनं सावकाश वाचलं, दोनदा वाचलं. मग पडद्यावर बोट ठेवलं. "हितं 'अनवधानाने' लिवलंय तुम्ही."

"हो."

"अनवधान न्हवतं ते, मॅडम. मी समोर बसलोतो. तुम्ही तीन-चार सेकंद बघत हुता पेन्सिलीकडं."

क्रांतीनं तो शब्द काढला. वल्लरीचं बोट पुढं सरकलं. "आणि हे 'चुकीची माहिती दिली गेली'. कोनी दिली?"

"वल्लरी, मला समजून घे. त्या माणसानं माझं काय केलं हे तुला माहीत नाही."

"म्हाईत हाय," वल्लरी म्हणाली. "शेवटचं पान मी पन वाचलंय की. तुमचं नाव कुठं टाकलंय ते बघूनच मी तुमच्याकडं आलतो. सरांकडं गेलो न्हाय, तुमच्याकडं आलो. तुम्हाला कळंल म्हणून." तिचा आवाज चढला नव्हता. "मला का ते लिवायला नको. ते तुमचं तुमच्यापाशी ठेवा. मला तारीख पायजे, आणि 'मी' पायजे."

वल्लरीनं ती झेरॉक्स पुढं ठेवली, आणि तिच्यावरची तारीख बघून क्रांतीनं लिहिलं. 'दिनांक अकरा फेब्रुवारी दोन हजार तेवीस रोजी कु. वल्लरी हिने या नोंदीचा अर्थ मला विचारला. खरा अर्थ मला माहीत होता. मी तिला जाणूनबुजून खोटे सांगितले. सभागृहात मी दिलेले उत्तरही खोटे होते.' शेवटचं वाक्य वल्लरीनं मागितलं नव्हतं. ते लिहिल्यावर या कागदानं आपलं काय होईल हे क्रांतीला स्वच्छ दिसलं. चौकशी, बैठका, कॅन्टीनमध्ये रिकामी होणारी टेबलं. आणि सौमित्र यातूनही आणखी थोडा मोठा होऊन बाहेर पडेल, तिला क्षमा करील, सगळ्यांसमोर करील. त्याच्याबद्दलचा राग तिनं चाचपून पाहिला. तो कणभरही कमी झाला नव्हता. त्या रागासकट तिनं प्राचार्यांचा आणि समितीचा पत्ता घातला आणि बटण दाबलं.

"गेलं?" वल्लरीनं विचारलं.

"गेलं."

वल्लरीनं वाकून पडदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. मग ती उठली आणि क्रांतीला जाता यावं म्हणून तिनं दार उघडून धरलं.